आखूड करंगळीचा पंजा

३ ऑक्टोबर १९३१, टोकियो

आमचे कवी आज पुन्हा घरीच! कामगारांच्या घामावर कविता चाललीय. स्वतः जमीनदाराचा मुलगा, हाताला आयुष्यात घट्टा नाही. मला म्हणे, "अहो-जाहो सोड गं, नवरा-बायको नंतर, आधी आपण कॉम्रेड!" आणि त्याच दमात — "भाताला अजून किती वेळ?"

५ ऑक्टोबर

ह्याला संपाचं भित्तिपत्रक लाकडावर कोरायचंय. नमुन्याला कोण? मी! मोज्यांच्या कारखान्यातून दमून आले, तर तासभर डावा पंजा वर करून उभी. म्हटलं, "यंत्रानं खाल्लेली करंगळी पुरी करशील ना? पुढाऱ्यांना धडधाकट हात लागतात."

"तिच्यासाठीच तर संप आहे, शिगे. ती आखूडच राहणार."

वा! वाक्यं टाकायला काय जातंय.

८ ऑक्टोबर

हसू की रडू! कागदावर माझा डावा हात उजवा होऊन उमटला! लाकडावर उलटं कोरलं की कागदावर सुलट येतं. माझे बाबा चहाच्या पुड्यांचे ठसे कोरायचे, मला हे सातव्या वर्षी कळत होतं. "चांगले दिवे लावलेस!" म्हटलं. हा मान खाली घालून शाई पुसत बसला. तीनशे प्रती तशाच काढल्या. आळशी!

१२ ऑक्टोबर

कारखान्याच्या दारात साध्या वेशातले दोन पोलीस. एकाच्या हातात आमचं पत्रक! हात सापडला की चित्रकार सापडेल, असा हिशोब. "एकेकीनं या. उजवा हात दाखवा!"

उजवा पुढे केला, डावा डब्याच्या गाठोड्यात खुपसला. मुकादम काहीतरी बोलायला गेला — त्याला माझी करंगळी ठाऊक! — तर पोलीसच खेकसला, "तुम्हाला कुणी विचारलंय? उजवा म्हणजे उजवा!"

घरी येऊन म्हटलं, "तुझ्या बावळटपणानं वाचले आज."

"वाचलीस ना?" एवढंच. आणि दोन वाडगे जास्त भात जेवला!

१९ ऑक्टोबर

सभेत कविता वाचताना त्याला उचललं. कविता भिकारच असणार. चौकीवर गरम कपडे देऊन आले, भेटू दिलं नाही. रस्ताभर रडले, राग राग आला त्याचा.

२० ऑक्टोबर

झडतीआधी कागद जाळावेत म्हणून चटई उचलली. खाली आणखी एक ठसा, शाई न लागलेला. शेगडीची काजळी फासून कागद दाबला. डावा हात आला. आखूड करंगळीचा, माझा. ठशाच्या मागे पेन्सिलीनं तारीख — ६ ऑक्टोबर. मी हसले त्याच्या दोन दिवस आधीची.