व्हर्लिनची मूठ कोण उघडणार

बर्च फॉल्स, विस्कॉन्सिन
फेब्रुवारी, गुरुवार

ती. लव्हॉनताईंना आर्डिसचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? अ‍ॅरिझोनात म्हणे आत्ता लोक बिनबाह्यांचं घालून हिंडतात, तर जरा जपून. एवढं ऊन तुमच्या घराण्याला सोसायचं नाही. इकडे आम्ही ठीक. बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत आलंय, मोटार पहिल्या किल्लीला सुरू होत नाही आणि तुमच्या भावाची, व्हर्लिनची, डावी मूठ अजून उघडत नाही. बाकी उत्तम. (तुम्ही विचारलं नव्हतं, पण विचारणार होतात, म्हणून सांगते.)

जूनमध्ये अर्धांगाचा झटका आला, त्यातून पाय सुधारला, जीभही सुधारली (ती बिघडलीच असती तरी आम्हाला कळायला वर्ष लागलं असतं, तो बोलतोच किती!), पण हात कोपरात वळून बसलाय आणि मूठ अशी घट्ट की नखं तळव्यात रुततात. दर रविवारी मी एकेक बोट उचकटून नखं कापते. त्याच्या कपाळावर घाम फुटलेला असतो आणि हा बाबा खिडकीबाहेर बघत विचारतो, ‘आज पडेलसं वाटतं का गं बर्फ?’ मला रडू येतं आणि रागही येतो, दोन्ही एकदम. व्यायाम करून घेणारी मुलगी म्हणाली की आता स्नायू सैल करणारी इंजेक्शनं आणि हाताला आधाराचा साचा मिळाला तर मिळाला, नाहीतर बोटं कायमची तशीच राहतील. मग दुधाचा टँकर पुन्हा चालवणं विसरा. आणि हे सगळं लिहून देणार कोण, तर रिहॅबचा डॉक्टर, म्हणजे झटक्यानंतर हातपाय परत कामाला लावणारा.

आता टँकरची नोकरी गेली तसा तिच्याबरोबर विमाही गेला, आणि आम्ही आलो सरकारी विम्यावर. सरकारी विम्याचं कार्ड फार सुरेख असतं हो. ते बघून डॉक्टर पळून जातात एवढंच. विमावाल्यांनी नावं पाठवली. पहिला फ्लोरिडात मासे मारायला गेलाय, कायमचा. दुसरी फक्त लहान मुलांना बघते (मी म्हटलं, हट्टीपणात आमचा बसेल, ती हसली नाही). तिसरा आमचा विमा घेतो पण नवे पेशंट घेत नाही, चौथी नवे पेशंट घेते पण आमचा विमा घेत नाही. या दोघांचं कुणी लग्न लावून दिलं तर निम्म्या परगण्याचं कल्याण होईल. पाचवा नंबर लागला तो मेलेल्या हरणांत भुसा भरून देणाऱ्या माणसाच्या दुकानात. फार सज्जन माणूस. म्हणाला, ‘बाई, तुमच्यासारखे पुष्कळ फोन येतात, बोला तुम्ही, मला घाई नाही.’ मी बोलले. शेवटी त्यानं हळूच विचारलं, तुमच्या मालकांनी पकडलेला एखादा मोठा मासा भिंतीवर लावायचाय का?

मग दोन तासांवरच्या शहरात एक मिळाला. बर्फातून गेलो. डॉक्टर कॅलिफोर्नियाकडचा, तरुण, हुशार. त्यानं विचारलं, हात कसा आहे? तुमचा भाऊ म्हणाला, ‘तसं काही वाईट नाही.’ दुखतो का? ‘तक्रार करावी असं नाही.’ आणि मूठ कुठे, तर कोटाच्या खिशात! मी कोपरानं ढोसलं, तर त्यानं माझ्या वतीनं डॉक्टरची माफी मागितली. डॉक्टरनं जे ऐकलं ते लिहिलं, आणि विमावाल्यांनी कळवलं की पेशंटची काही तक्रार नाही, सबब इंजेक्शनं नामंजूर. ताई, आपल्याकडे ‘तसं काही वाईट नाही’ म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळतं. तुमचे वडील ट्रॅक्टरखाली पाय सापडला तेव्हा हेच म्हणाले होते. पण कॅलिफोर्नियावाल्याला कोण सांगणार!

त्यानंतर चर्चच्या तळघरात, इर्मा टोलेफसनच्या मयताच्या जेवणात, बटाट्याच्या हॉटडिशच्या रांगेत कुणीतरी डॉक्टर पाहौआ मुआ यांचं नाव काढलं. ह्मोंग आहेत, आईवडील लाओसमधून आलेले, पण इथंच वाढलेल्या, आणि सरकारी विमा घेतात, तेही कपाळाला आठी न घालता. प्रतीक्षायादी मात्र पार पुढच्या शिशिरापर्यंत. नाव घातलं. आणि गेल्या आठवड्यात, मी गाडीवरचं बर्फ खरवडत असताना, त्यांच्याकडून फोन आला की एकाची वेळ रद्द झालीय, तुम्हाला हवी का? फोन उचलला तुमच्या भावानं. म्हणाला, ‘छे हो, माझ्यापेक्षा गरज असलेल्या कुणाला तरी द्या.’ आपल्याकडची बाई असती तर म्हणाली असती, ‘अहो, घ्या.’ हा म्हणाला असता, ‘नको, उगाच कशाला.’ ती म्हणाली असती, ‘घ्याच.’ मग हा म्हणाला असता, ‘बरं, तुमचा एवढा आग्रहच असेल तर.’ सरळ रीत आहे. पण फोनवरची रोझान न्यू जर्सीची! ती म्हणाली, ‘बरं,’ आणि ठेवला फोन. मी आत आले तर हा रिसीव्हर धरून उभा, दुसऱ्यांदा विचारतील म्हणून वाट बघत.

मी बूट न काढताच फोन लावला. रोझान म्हणाली, ‘अजून आहे वेळ. हवी की नको?’ आणि ताई, आयुष्यात पहिल्यांदा मी पहिल्याच विचारण्याला ‘हवी’ म्हणाले. भर चर्चमध्ये परकर सुटावा तसं वाटलं. पण वेळ मिळाली! येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या मंगळवारी. तेव्हापासून मी घरात उगाचच गुणगुणतेय, आणि तुमच्या भावानं टँकरवाल्याची जुनी टोपी झटकून खुंटीला लावलीय.

तुमची,
आर्डिस

ता. क. तुम्ही म्हणाल, मी येऊ का? छे छे, एवढ्या लांबून, असला गुडघा घेऊन, मुळीच नको.

आणखी ता. क. डॉक्टर मुआ पेशंटबरोबर दोघांना आत येऊ देतात म्हणे, मी सहज विचारलं होतं. मी ढोसलं तर तो माफी मागतो. तुम्ही समोर नुसत्या बसलात तरी मूठ खिशात घालायची त्याची टाप नाही, लहानपणापासून तुम्हालाच तेवढा टरकतो. पण नको, तुमची गैरसोय.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितेय. आत्ता तो मोरीत दाढी करत होता आणि मी टॉवेल घेऊन दाराबाहेर उभी होते. आतून आवाज आला, ‘दुखतं.’ मग जरा मोठ्यानं, शाळेत कविता म्हणावी तसं, ‘फार दुखतं.’ आरशासमोर सराव चालला होता, ताई. आठ महिन्यांत हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. नळ बंद झाला. मग तो आरशाला म्हणाला, ‘पण चालायचंच.’

ताई, या. आदल्या दिवशीच या.