ठमीच्या पेशींना शिस्त

३ मार्च
ठमीला, आमच्या नऊ वर्षांच्या लेकीला, डायबेटीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना शत्रू समजून मारायला घेतलंय. म्हणून इंजेक्शन. जन्मभर.
जन्मभर म्हणे! मी अठरा वर्षं सिक्युरिटी सुपरवायझर आहे. घरच्याच माणसाला झोडपणारे पहारेकरी कैक बघितलेत. दोन महिन्यांत वठणीवर आणतो.

५ मार्च, पहाटे ५.३०
शिस्त सुरू. धावणं, कडू काढा, वेळेवर झोप. भिंतीवर तक्ता. ठमी धावली. माझा गुडघा दुखतोय, मी शिट्टी वाजवली.

६ मार्च
गजर झालाच नाही. ठमी एकटीच धावून आली.

२ एप्रिल
डोस चौदा युनिटवरून पाचवर! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हुरळून जाऊ नका. उरल्यासुरल्या पेशींना जरा दम खायला मिळालाय, काही महिनेच टिकतं, याला हनिमून म्हणतात. दुसऱ्याला श्रेय द्यायचं म्हटलं की या लोकांच्या अगदी जिवावर येतं.

११ एप्रिल
सासूबाईंचं ऑपरेशन. बायको आठवडाभर माहेरी. जाताना तीनदा बजावलं, इंजेक्शन चुकवू नका. मला सांगते!
शुगर १०४. एकशे चार! ठमीला म्हटलं, आजपासून सुई बंद, आईला सरप्राइज. पोरीने गळ्यात हातच टाकले. इतकी हसली, किती दिवसांनी.

१४ एप्रिल
ठमी सारखी पाणी पितेय. उकाडा फार. शुगरचं मशीन काढलं नाही. उगाच संशय घेतला की शिस्त बिघडते.

१५ एप्रिल
ओकाऱ्या. बाहेरचं काहीतरी खाल्लं असणार. कधी, ते आठवत नाही.

१६ एप्रिल, हॉस्पिटल
आयसीयू. इन्सुलिन नाही म्हणून रक्तात आम्ल साठलं. पोरगी धापा टाकतेय, हाक मारली तर ओ देत नाही. देवा, माझं काहीही कर.

१८ एप्रिल
शुद्धीवर आली. बायकोने विचारलं, इंजेक्शनं कुणी बंद केली? मी तोंड उघडायच्या आत ठमी म्हणाली, बाबा रोज द्यायला यायचे, मीच पळून जायचे. बायकोने रडत रडत तिलाच झापलं. ठमीने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं.
उद्या सांगून टाकतो. आज बायको फार दमली होती.