मेरवाह उपटण्याआधी

प्रिय लमिया,

मी सांगतेय आणि पाद्रीची बायको मादलेन लिहून घेतेय. तुझ्या बापाविषयी मी जे बोलले त्यातलं निम्मं तिने गाळलंय, म्हणते देवळाच्या कागदावर असलं लिहीत नाहीत. फोनच केला असता, पण फोन आला की तुझा बाप शुक्री शेजारी कान लावून बसतो आणि मला हे त्याच्या पाठीमागेच बोलायचंय. मादलेन या पानांचे फोटो काढून तुला धाडेल.

तिकडे फ्रान्सात म्हणे तुम्हाला पानाच्या मागची लव आणि देठाजवळची खाच बघून द्राक्षाची जात ओळखायला शिकवतात. माझा वर्ग सासूने घेतला होता. मी लग्न होऊन बेकाच्या सपाटीवरून इथे डोंगरावर आले. आमच्याकडे खाली सगळी ओबैदी द्राक्षं. पहिल्याच तोडणीला इथला वेल बघून मी म्हणाले, "अय्या, ही तर आमचीच ओबैदी!" झालं. सासू साऱ्या बायांना ऐकू जाईल असं ओरडली, "बघा गं, सून माहेर पाठीवर बांधून आलीय!" तो हंगामभर मला कुणी वर्दे म्हणालं नाही, ओबैदीच म्हणायचे. मग तिनेच हाताला धरून शिकवलं, ही इथली मेरवाह. मेरवाहला उंची लागते, गार रात्र लागते, घड सैल सुटतो, मणी सावकाश भरतो. खाली नेऊन लावली की रुसते. "तुझ्यासारखी नाही," म्हणायची, "तुला कुठेही नेलं तरी फुगतेस."

तीच मेरवाह शुक्रीला उपटायचीय. डोंगरातल्या मळ्याच्या सगळ्या पायऱ्यांवर ती परदेशी वाइनची कबर्ने लावणार. "आई, सगळं जग कबर्ने पितं," म्हणाला. मी म्हटलं, "जग काय काय पितं, ते सगळं लावणार का तू?" तर उठून गेला.

मीही स्वस्थ बसले नाही. छाटणी झाली तशा चांगल्या काड्या निवडल्या, जुड्या बांधल्या आणि घरामागे ओल्या वाळूत पुरल्या, दुसरीकडे लावायला. पण आपल्याकडे छाटलेल्या काड्या जातात कुठे? साजखाली, भाकरीच्या तव्याच्या जाळात. तुझ्या आईला वाटलं, म्हातारीने सरपण वाळूत पुरलंय, डोकं फिरलं बहुतेक. तिने काढून वाळवल्या आणि भाकऱ्या भाजल्या. वर मलाच म्हणाली, "सासूबाई, काड्या तुम्ही ओल्या केल्यात, धूर किती झाला!" मी रागाने त्या दिवशी जेवले नाही. खरं सांगते, झातरचा मसाला लावलेली एक भाकरी खाल्ली. चांगली झाली होती.

आता वेलांना डोळे फुटलेत, काडी घ्यायची वेळ गेली. मातीत उभे आहेत तेवढेच वेल उरलेत.

आता हे पत्र कशाला ते ऐक. परवा मादलेनच्या देखत शुक्री म्हणाला, "लमिया शिकतेय ना? ती म्हणेल तसं करू." ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी तो तुला फोन करणार आणि सोमवारी वेल उपटायचं यंत्र येणार. त्याला खात्री आहे, तू कबर्नेच म्हणशील, कारण नाताळात तू त्याला सांगितलंस की परत यायचा विचार नाही. मला, तुझ्या आजीला, मात्र "बघू तेता" म्हणाली होतीस. असू दे. परत ये असं मी म्हणत नाही, खोटं बोल असंही म्हणत नाही. कुठली जात कुठे वाढते, तेच शिकायला गेलीस ना? मग आपल्या पायऱ्या डोळ्यांसमोर आण आणि काय दिसतं ते त्याला सांग. आणि तरीही कबर्ने म्हणायचं असेल, तर खुशाल म्हण. फक्त यंत्रवाल्याला बजाव की तिसऱ्या पायरीवर एक खुर्ची आहे. ती मी आणि मादलेनने आज सकाळीच वर नेली. उशीसुद्धा ठेवलीय.

तुझीच, अजून न उपटलेली,
तेता वर्दे