तिसऱ्या कडव्यातली हाळी

प्रिय सोहवी,

आधीच सांगते, शुद्धलेखनाला हसू नकोस. नववीत शाळा सोडलेली मी, आणि फोनवर एका बोटाने टाइप करते, वेळ लागतो. पण तू तिकडे केस करून घेत्येस, त्यामुळे वेळ आहे. माझे केस कोण करणार, मी दिसणारच नाहीये कुणाला.

आठवतं, आपल्या जोडीचं हे ‘उस्वा’ कुठे सुरू झालं? तुमच्या सौनात, त्या वाफ घ्यायच्या खोलीत. माणसं समोर असली की माझा घसा बंद होतो, पण तिथे वाफेत कुणाचं तोंडच दिसत नव्हतं, म्हणून गायले. गरम दगडांवर पाणी ओतता ओतता तू थांबलीस. “ए बावळट, काय होतं हे? परत म्हण!” ती आईची हाळी होती, संध्याकाळी रानातून गाई परत बोलवायची. तीच आपण गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात घातली. दोघी पोरी, एक गाणं, आणि आख्ख्या फिनलंडमधून युरोपच्या या गाण्याच्या स्पर्धेला आपली निवड झाली.

मग तार्मो मॅनेजर झाला. “सायमी बाळा, कॅमेरा बघून तू लाकूड होतेस. हाळी पडद्यामागून दे, सोहवी नुसतं तोंड उघडेल.” मी तुझ्याकडे बघितलं. तू नखं बघत होतीस. म्हणालीस, “तुलाच बरं ना गं, घाबरट.” बरं म्हटलं. घाबरट आहेच मी. त्याचा राग नाही.

राग मंगळवारचा आहे. टीव्हीवाल्या बाईने विचारलं, ही हाळी कुठली? तर तू डोळे पुसत म्हणालीस, “माझ्या आजीची. जाताना मला देऊन गेली.” अगं, तुझी आजी हेलसिंकीत लोकांचे दात काढायची! आणि गेली कुठे? परवाच तिचा फोन आला होता तुला! आई ते बघत होती. मला फोनवर एवढंच म्हणाली, “मग मी रोज कुंपणापाशी काय म्हणते?” दुसऱ्या दिवशी तिने तोंडच उघडलं नाही. बादली वाजवून गाई बोलावल्या. बाबांनी सांगितलं.

मी तुला म्हटलं, खरं काय ते सांगून टाक. तू हसलीस. “फायनल होऊ दे. गाईंना काय फरक पडतोय?”

काल परीक्षकांसमोरच्या तालमीत मी जीव तोडून गायले, मुद्दाम. त्यांचे मार्क कालच पडलेत. वर चढून बस आधी, म्हणजे पडलीस की नीट लागेल.

इथला नियम तुला पाठ आहे. वाजवणं रेकॉर्डचं चालतं, गळा जिवंतच लागतो. आज तिसऱ्या कडव्याला तू हात पसरशील, आ करशील, सगळा युरोप बघत असेल, आणि मी पडद्यामागे तोंड मिटून उभी असेन. एवढा मोठा आ, आणि आत काहीच नाही. आईला सांगितलंय, आज टीव्ही लाव. तार्मो ओरडेल, माइक गेला, माइक गेला. तुलाही आयुष्यभर तेच वाटत राहिलं असतं, म्हणून हे लिहून ठेवलं. गाणं संपलं की पाठवते. माइक चांगला होता, सोहवी.

गाण्यापुरती तुझीच,
सायमी

ता. क. बाबांच्या ट्रॅक्टरला रेनडिअर आडवा आला. बाबा ठीक आहेत, ट्रॅक्टर खड्ड्यात आहे.