अर्ध्या मिलीमीटरची बोअर

२ फेब्रुवारी

तीनशे घोडे! ठरलं म्हणजे ठरलं.

आमची गाडी आज कशीबशी ऐंशी घोड्यांची, म्हणजे ऐंशी हॉर्सपॉवरची, आहे, आणि त्यातले निम्मे आजारी असावेत. आज उड्डाणपुलाच्या चढावर अंडीवाल्याच्या तीनचाकीने मला मागे टाकलं. तो अंडी फुटू नयेत म्हणून सावकाश चालवत होता, हे विशेष. वर हात करून गेला मेला!

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चष्म्याचे नंबर लिहून द्यायच्या कागदावर सामानाची यादी केली — पिस्टन, कनेक्टिंग रॉड, टर्बो, इंजेक्टर, क्लच. तो कागद चुकून एक आजोबा घेऊन गेले. संध्याकाळी परत आले. "डाव्या डोळ्यासमोर टर्बो लिहिलंय. महाग असतो का हो?"

५ फेब्रुवारी

मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये गेलो. तो मला डॉक्टर म्हणतो. मी फक्त चष्मे विकतो, हे सांगून माझं तोंड दुखलं.

तीनशे म्हटल्यावर त्याने हातातला पाना खाली ठेवला. "डॉक्टर, याच गाडीने कामावर जाता ना?" जातो. "आईंना बाजारात याच गाडीने नेता ना?" नेतो. "बजेट?" सांगितलं. तो हसला असता तर परवडलं असतं. नुसता "बरं" म्हणाला आणि पाना पुन्हा उचलला.

मग मात्र माणूस खुलला! इंजिनाचा ब्लॉक जुनाच ठेवायचा. सिलिंडरची बोअर अर्धा मिलीमीटर वाढवायची, म्हणजे आतलं भोक तेवढं रुंद करायचं, आणि त्यात नवे मजबूत पिस्टन. इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो नवा झेपणार नाही, तो भंगारातल्या मालवाहू गाडीचा काढायचा. "इंजिन उभं करून देतो. टिकेल किती, ते मला विचारू नका." मी विचारलंच नाही.

६ फेब्रुवारी

लेन्सवर चुकून माझाच अंगठा उमटवून ती तशीच गिऱ्हाइकाला दिली. डोक्यात पिस्टन. पाकीटही कुठे विसरलो ते आठवेना, संध्याकाळी घरी टेबलावरच सापडलं.

९ फेब्रुवारी

आईला यातलं काही सांगायचं नाही. तिच्या मते गाडी म्हणजे छप्पर असलेली पिशवी. चाळिशी आली, लग्नाचं नाव नाही, आणि साठवलेले पैसे इंजिनात घालणार, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? रंग तोच राहणार आहे. बाहेरून काही कळायचं नाही. आवाजाचं मात्र बघावं लागेल.

१४ फेब्रुवारी

मिस्त्रीचा फोन आला तेव्हा आई शेजारी भाजी निवडत होती. मी शक्य तितकं मोघम बोललो. "हो, बोअर करायचीच... पैशाचं बघतो मी... नाही, नाही, आता मागे फिरणं नाही."

फोन ठेवला तर आई म्हणाली, "बोअर करायची ठरली का रे?"

मी गार. पण चेहरा खुललेला होता तिचा! तिला पटतंय की काय? म्हटलं, हो.

"पाणी लागेल ना?"

म्हटलं, "लागणारच की! पाण्याशिवाय गरम होऊन बंद पडेल."

"चांगलं केलंस," म्हणाली. "बापाला जमलं नाही ते तू करतोयस." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. उगाच इतके दिवस घाबरत होतो. माझी आई जगावेगळी आहे!

१५ फेब्रुवारी

नाही. जगावेगळी नाही.

सकाळी दूधवाला म्हणाला, "अभिनंदन." इस्त्रीवाली म्हणाली, "देव भलं करो." समोरच्या घरातल्या मावशी गेटपाशी थांबवून म्हणाल्या, "नळ कोणत्या बाजूला काढणार? आमच्या बाजूला काढ हं." मला वाटलं, सगळ्यांना काहीतरी झालंय. मग हेडमास्तर भेटले — निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी गल्लीची हजेरी घेतात. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "चार उन्हाळे टँकरमागे पळतोय आपण. तू जमिनीत बोअर मारून सगळ्यांना पाणी देणार, असं तुझी आई म्हणाली. ऊर भरून आला रे."

घरी येऊन पलंगावर आडवा झालो.

बोअर! इंजिनाची बोअर, पाण्याची बोअर. एक शब्द, आणि माझ्या तीनशे घोड्यांची वरात निघाली.

१६ फेब्रुवारी

आईला सांगायला गेलो. ती खिडकीतून मावशींना सांगत होती, "अगं, स्वतःहून म्हणाला. मी एका शब्दाने सुचवलं नाही." परत फिरलो.

२० फेब्रुवारी

हेडमास्तरांनी गल्लीची बैठक बोलावली. खुर्च्या, माईक, सगळं. मी ठरवूनच गेलो होतो — उभं राहायचं आणि खरं सांगून मोकळं व्हायचं. आई पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून.

उभा राहिलो. "एक गैरसमज झालाय," म्हटलं. "मी म्हणत होतो ती बोअर इंजिनाची आहे."

हेडमास्तर ताडकन उठले. "इंजिनाची! म्हणजे विजेवर अवलंबून नाही! वीज गेली तरी पाणी! केवढा पुढचा विचार!" टाळ्या. मी तोंड उघडलं, तर माईक काढून घेतला आणि अभिनंदनाचा ठराव मांडला. अनुमोदन मावशींनी दिलं. एकमताने मंजूर. मीही हात वर केला. काय करणार, सगळे माझ्याकडेच बघत होते.

२१ फेब्रुवारी

मिस्त्रीला सांगितलं, जरा थांबा. तो म्हणाला, "भंगारवाला टर्बो दुसऱ्याला देईल." दे म्हणावं.

खरं तर मी खूप चिडलोय. आईवर नाही. मराठी भाषेवर. चांगले दोन शब्द करायला काय जात होतं हिचं!

३ मार्च

बोअरचं मशीन गल्लीत आलं. केवढं धूड! ड्रायव्हरला हळूच विचारलं, "याचं इंजिन किती हॉर्सपॉवरचं?" त्याने आकडा सांगितला. तीनशेच्या वर! माझ्या पैशांनी, माझ्या दारात, आणि चालवतोय दुसराच. बॉनेट उघडून दाखवाल का, म्हटलं. त्याने दाखवलं. टर्बोवरून हात फिरवला. गरम होता.

आत ड्रिल उतरत होतं आणि मी खिडकीत बसून दगडाची पावडर उडताना बघत होतो. माझी बचत पांढरी होऊन उडत होती. दुपारपर्यंत कोरडंच. हेडमास्तर पंचा डोक्यावर घेऊन खड्ड्याकडे असे बघत होते, जणू विद्यार्थी उत्तर चुकतोय. मला एकदा वाटलं, नाहीच लागलं तर? आणि मग स्वतःचीच लाज वाटली, कारण त्या विचाराने मला बरं वाटलं होतं.

चारच्या सुमारास चिखल आला. मग गढूळ पाणी. मग एकदम एवढा फवारा उडाला की मावशी चपला टाकून पळाल्या आणि पुन्हा भिजायला परत आल्या. मीही भिजलो. ओरडलोही बहुतेक. घसा बसलाय.

९ मार्च

पाण्याची मोटार बसवली, शेवटी विजेवरचीच. पाच हॉर्सपॉवर. तीनशेतले एवढेच हाती लागले. पण चालू करताना बटण मलाच दाबायला लावलं सगळ्यांनी. झटक्यात सुरू झाली. गाडी कधी अशी होत नाही.

२८ मार्च

अंडीवाला आज पुलावर पुन्हा पुढे गेला. गल्लीत आला की पाणी माझ्याच नळावर पितो. या वेळी नुसता हात केला नाही, नमस्कार केला. अपमान तेवढाच झाला, पण गोड झाला.

११ एप्रिल

गॅरेजवरून जाताना सहज डोकावलो. मिस्त्री म्हणाला, "आई बऱ्या आहेत ना? तुमचं विसरलेलं पाकीट न्यायला आल्या, त्या दिवशी फार घाबरल्या होत्या." केव्हा? "फेब्रुवारीत, तुम्ही यादी घेऊन आलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी. बोअर म्हणजे काय, टर्बो म्हणजे काय, सगळं मीच समजावलं की! तुम्हाला बोलल्या नाहीत?" मी तिथल्या टायरवर बसलो. मिस्त्री सांगत राहिला, "सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं — एवढ्या वेगात निघालेली गाडी थांबेल कशी? मी म्हटलं, ब्रेक आहेत ते जुनेच. डॉक्टरांच्या यादीत ते नाहीत."

घरी आलो आणि ही वही पहिल्या पानापासून वाचून काढली. ब्रेक हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहिलाय.