दहा वर्षांत बरोबरी

१ जानेवारी १९९४, सकाळी ७
आजपासून रोज लिहायचं. पेपरात एका अर्थतज्ज्ञाचा लेख आलाय. मागास भाग पुढारलेल्या भागापेक्षा जोरात वाढतो. तिकडे मजुरी कमी, जमीन स्वस्त, म्हणून कारखाने आपणहून जातात. शेवटी सगळे सारखे. तुर्भ्याला आमच्या डब्यांच्या कारखान्यात, स्टोअरमध्ये बसून मी हेच सात वर्षं सांगतोय. आमचं परभणी २००४ पर्यंत वाशी होणार. मग मी कायमचा परत. शुभदाला सांगितलं. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “तोवर वाशी काय थांबून राहणार आहे?”
बायको बारावी कॉमर्स आहे, पण विषय डोक्यात गेलेला नाही.

९ जानेवारी
धाकट्या भावाचं पत्र. सुगत गावी आईजवळ असतो. लिहितो, दादा, तुमच्या कंपनीत हेल्पर घेतात म्हणे, मला बोलवा. जागा आहे खरी. साहेबांनी मलाच माणूस सांगायला सांगितलंय. सात पानी उत्तर लिहिलं. चुकीच्या वेळी चुकीच्या दिशेला निघतोयस. तिथंच थांब, विकास तुझ्याकडे येतोय. आमच्या एका खोलीत आणखी एक माणूस कुठे झोपणार, हा प्रश्न यात अजिबात नाही. मी तत्त्वाचं बोलतोय.

१७ जानेवारी
जागा फोरमनच्या मेव्हण्याला गेली. असो.

३ मार्च १९९५
जिंकलो! (मध्ये वर्षभर लिहिणं जमलं नाही. काम.) कंपनी दुसरं युनिट आमच्याच जिल्ह्यात काढतेय. मागास भाग म्हणून सेल्स टॅक्स माफ. अख्ख्या डिपार्टमेंटला पेढे वाटले.

६ मार्च
साहेब म्हणाले, सिताराम, तुम्ही तिकडचेच, स्टोअर इनचार्ज म्हणून जा. प्रमोशन. दोन दिवसांची मुदत मागितली.

८ मार्च
नाही म्हणालो. आमच्या मुलीची, नंदिनीची शाळा इंग्लिश मीडियम. शिवाय शुभदाला तिकडचं पाणी बाधतं. शुभदा म्हणाली, मला कधी बाधलं? म्हटलं, बाधेल. सुगतचं नाव सुचवलं. घराण्यातला कुणीतरी गेला म्हणजे झालं.

२० जून
आज इथून पत्रा कापायचा दोन नंबर प्रेस तिकडे रवाना झाला. तीन वर्षं भंगारात पडला होता. हिरवा रंग दिला. चलनावर मी ‘गार्ड नाही’, म्हणजे हात वाचवणारी जाळी नाही, असा शेरा मारला होता. साहेब म्हणाले, तिकडे बसवून घेतील, खोडा. खोडला, सही केली. सुरुवातीला थोडं असं व्हायचंच.

२ ऑगस्ट
सुगत लागला. विचारतो, डबा तोच, मशीन तेच, मग पगार निम्मा का? लिहिलं, निम्मा आहे म्हणून तर कारखाना आला ना बाबा! धीर धर.

११ फेब्रुवारी १९९६
तिकडून फोन आला. सुगतची उजव्या हाताची दोन बोटं गेली. प्रेसवर. कोणता प्रेस, ते मी विचारलं नाही.

१४ फेब्रुवारी
जायला हवं होतं. पण इयर एंडिंग जवळ आलंय. पत्र टाकलं.

३० ऑक्टोबर १९९७
तिकडचं युनिट बंद. शेजारच्या राज्यात जास्त सवलत मिळाली म्हणे. मशीन ट्रकवर चढवायला कंपनीने गावातलीच माणसं लावली. हा तात्पुरता धक्का आहे. आलेख सरळ चढत नसतो.

१९ जुलै १९९८
आईला टाकलेलं पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टमनने लिहिलंय, ‘घर बंद’.

२३ जुलै
गेटवरचा गोटीराम वॉचमन म्हणाला, “तीन बोटांचा तो तुमचाच भाऊ ना? मार्केटात बटाट्याची पोती उचलतो. लायनीपलीकडच्या वस्तीत राहतो, म्हातारीबरोबर.” म्हटलं, माणसात गल्लत होत असेल.

२४ जुलै
गेलो. कंपनीपासून चालत बारा मिनिटं. पत्र्याची खोली. दारात आई बसलेली. शेजारच्या बाळाबाईसोबत मिरच्या निवडायला जाते, डोळे लालभडक. आठ महिने झाले येऊन, म्हणाली. कळवलं का नाही, विचारलं.
“तूच लिवलं व्हतंस, हिकडं काही न्हाई म्हून. तुला कशाला पेचात टाकावं?”
गावी परत जायचं का, विचारलं. म्हणाली, “कायला? हितं मिरच्यांचा रोज गावाच्या तिप्पट पडतोय.”
सुगत आला. डाव्या हाताने कप धरून त्याने मला चहा दिला. बस, दादा, म्हणाला. निघताना आई जमिनीकडे बघून म्हणाली, “चार वर्सं आगुदर आलो असतो, तर लेकराचा हात शाबूत ऱ्हायला असता.”
घरी पोचायला नऊ वाजले. शुभदाने विचारलं, एवढा उशीर?
ओव्हरटाईम होता, म्हटलं.