कडेने बघायचं

९ जानेवारी १९८८
नाही, आराम करायला आलेलो नाही. साठी उलटली म्हणजे माणसाला खुर्चीत बसवून ठेवायचं, असं काही नसतं. आत्मारामने बोलावलं म्हणून रत्नागिरीजवळ भाट्याला आलो. गिरगावात तीस वर्षं आम्ही दोघांनी दुकानांचे बोर्ड रंगवले. आता त्याचा हात कापतो, निम्मा चहा बशीत सांडतो. अंगणात दुर्बीण आहे. त्याने दाखवायचं, मी पेन्सिलीने काढायचं. आज गुरू काढला. दोन पट्टे, बाजूला चार चंद्र. सोपं काम. शेजारची गोदा जेवण करते, तिने बांगड्याचं तिखलं वाढलं. मजेत आहे.

११ जानेवारी
मृगातल्या बाणाखाली धुरकट डाग असतो, तो काढला. डोळे दिपू नयेत म्हणून टॉर्चला लाल कागद लावून. आत्माराम म्हणाला, डागाकडे सरळ बघायचं नाही, नजर बाजूला ठेवायची, मग तो उमटतो. मी म्हटलं, सरळ बघायला काय लाज वाटते? पण खरं निघालं. डागाच्या काठाला काळं काहीतरी होतं. दिसलं तेवढं काढलं. त्याने खाली वेळ लिहायला लावली, सही करायला लावली. बोर्डावर मालकांनी कधी सही करू दिली नव्हती. खूश झालो, खोटं का बोलू.

१४ जानेवारी
संक्रांत. गोदा म्हणाली, महिपतराव, तीळगूळ घ्या नि जरा गोड बोला, सदानकदा कुरकुर. दुपारपासून डाव्या डोळ्याच्या कडेला काळं दिसतंय. सरळ बघितलं की नाही. मोतीबिंदू असेल. आत्मारामला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, बरं. गोदा म्हणते, हल्ली तो दिवा मालवून झोपतो, वर्षभर मालवत नव्हता.

१६ जानेवारी
डाग नाही. उभं आहे. भर दुपारी, माडांत. सरळ बघितलं तर नुसते माड. कडेने बघितलं — तोंड माझ्याकडे.

१७ जानेवारी
सकाळी आत्माराम गोदाला सुईत दोरा ओवून देत होता. पहिल्या फटक्यात. हात कापत नव्हता.
त्याची जुनी वही उघडली. तोच डाग, काठाला तेच काळं. खाली त्याची सही, खोडलेली. शेजारी लिहिलंय — ११ जानेवारी, सुटलो.
विचारलं. म्हणाला, तुझ्याइतकं हुबेहूब कोण काढणार होतं? तूही कुणाकडून काढून घे. नाहीतर नीट वर्णन करून सांग, तेवढंही पुरतं.
तीस वर्षं एका डब्यातलं जेवलो.

१८ जानेवारी
आत्माराम पहाटेच्या एस.टी.ने गेला. निरोपही नाही.
आता सगळं दिसतं. बोटंसुद्धा. खांद्याशी —
गोदा समोर बसलीय. म्हणते, काय दिसतं ते सांगा की, मन हलकं होईल.
त्याचा चेहरा —
नाही. तिला नाही सांगणार. इथेही लिहिणार नाही. विचारू नका.